पोखऱ्यात पोचलेला निरोप

दत्तू,

परवा बदलापूरला नदीवर तुझं दहावं झालं. तिथून पालेगावला तुमच्या घरी गेलो, तुझ्या आईजवळ थोडा वेळ बसलो, आणि मग बुवापाड्यात येऊन माझ्या फोनच्या दुकानात शिरलो ते शटर आतून ओढून घेऊनच. असा दिवसाढवळ्या शटर लावून बसलेला मी तुला सापडलो असतो, तर तू बाहेरून एक लाथ घातली असतीस आणि ओरडला असतास, "सुन्या, मेलास काय रं आत?" मी बराच वेळ त्या लाथेची वाट पाहिली. वेडेपणाच, पण पाहिली.

लोक तुझ्याबद्दल चांगलंच बोलले. तुमच्या सोसायटीचे चेअरमन "देवमाणूस" म्हणाले, तेव्हा आपल्या हरेशने हळूच माझ्याकडे बघितलं. नेपाळात भैरहव्याच्या चौकात त्या ट्रकवाल्याला तू घातलेल्या शिव्या आम्हा दोघांनाही एकदमच आठवल्या. देवमाणूस वगैरे तू नव्हतास. तुला कोणाला नाही म्हणता यायचं नाही, एवढंच होतं, आणि लोक या दोन गोष्टींत फार गल्लत करतात.

ती गाडीसुद्धा नाही म्हणता आलं नाही म्हणूनच तर घेतलीस. उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात हरेशच्या स्पेअर पार्टच्या दुकानात तू टेम्पोची क्लच वायर आणायला गेलास आणि मोटरसायकल घेऊन आलास. टू-स्ट्रोक, रंग उडालेली, सीटला कोणीतरी घरी शिवलेली फुलाफुलांची खोळ. हरेशच्या काकाने "साईं, घोडा आहे घोडा, घेऊन जा" म्हटलं आणि तू मान हलवलीस. आम्ही तिला म्हातारी म्हणायला लागलो. चढ आला की ती दम खायची, मग तू खाली उतरून हँडल धरून तिच्या शेजारून चालायचास, बैलाला घरी नेतात तसा. आणि याच गाडीवरून तू आम्हाला परदेशात नेलंस. अजूनही कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

माझ्या आईला लुंबिनी बघायची होती आणि गुडघ्यांमुळे ते काही होणार नव्हतं. तू माझ्या फोनच्या बूथवर बसून हे ऐकलंस आणि म्हणालास, "आपून जाऊ. तुझ्या आयच्या नावानं पाया पडून येऊ." एरवी सिनेमाला जायचं म्हटलं तरी "बगू" म्हणणारा तू. एवढा पुढाकार घेतलास तेव्हाच मला संशय यायला हवा होता. हरेश म्हणाला, "मैं भी आता, रस्त्यात म्हातारी मेली तर खांदा कोण देणार?" त्याची जरा बरी गाडी आणि तुझी म्हातारी, अशा दोन गाड्यांवर आपण तिघं निघालो. मी कधी तुझ्या मागे, कधी त्याच्या.

बूथचं तुला काय सांगायचं, पण मोबाईल आल्यापासून गल्लीतली माणसंही विसरायला लागली आहेत, म्हणून लिहितो. वडील कंपनीतून घरी बसले तेव्हा त्यांनी तो टाकला. अर्ध्या बुवापाड्याचा नंबर तोच. लोक नातेवाइकांना, कंपनीत, शाळेत तोच द्यायचे आणि पुढे 'पीपी', म्हणजे शेजारचा फोन, असं लिहायचे. फोन आला की आमच्यापैकी कोणीतरी उठून गल्लीत निरोप द्यायला जायचं. वडिलांचा नियम एकच होता. जसा आला तसा द्यायचा, लगेच द्यायचा, आणि त्यात आपली अक्कल घालायची नाही. निरोप आपला नसतो, ज्याच्यासाठी आला त्याचा असतो, असं ते म्हणायचे. बाळंतपणं, मयती, नोकऱ्या, मोडलेली लग्नं, सगळं मी याच नियमाने घरोघर पोचवलं. तू सगळ्यांना सांगायचास, "सुन्याच्या पोटात काय रहात नाय."

सोनौलीला सीमेवर नेपाळच्या भन्सारच्या, म्हणजे कस्टमच्या, खिडकीत त्या माणसाने गाडीची कागदं मागितली, तेव्हा कुठे आम्हाला कळलं की म्हातारी अजून कुणा आसनदासच्या नावावर आहे. तू ती घेऊन वर्ष उलटलं होतं. नाव बदलून घ्यायचं तुझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गाडी तर तुझ्याकडेच होती ना! "आसनदास कौन?" त्याने विचारलं. तू मागे वळून बघितलंस, कोणी आलंय का म्हणून. हरेश पुढे झाला, "मेरा चाचा है साब. बुढ्ढा है, घर पे बैठा है. ये लडका उसकी गाडी सँभालता है." सुटलो. पुढे नेपाळभर आम्ही तुला आसनदासच म्हटलं आणि तूही खुशाल ओ द्यायचास. गाडीवर नाव न लावणाऱ्या या माणसाचं नाव घरी एका कागदावर होतं, आणि त्यासाठी लोक खोळंबले होते, याचा आम्हाला पत्ता नव्हता.

लुंबिनीला मी आत वंदना म्हणून बाहेर आलो, तर तू कुंडाच्या कडेला मांडी घालून बसलेला.

"आयचा नाव घेतलास?"

"घेतलं. मनातल्या मनात."

"मनातल्या मनात कशाला? ती यवड्या लांब येनार होती. मोठ्यान घे, जा."

तू मला परत आत पाठवलंस. आजूबाजूला कुठल्या कुठल्या देशांचे लोक डोळे मिटून बसलेले, आणि मी लाजत लाजत आईचं नाव मोठ्याने घेतलं. घेतलं आणि एकदम रडू आलं. घरी आल्यावर आईला हे सांगितलं, तेव्हापासून ती जाईपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली की लुंबिनीत माझं नाव निघालं. ते तुझ्यामुळे निघालं, दत्तू. तुला मी कधी थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. आपल्यात ते बरंही दिसलं नसतं.

आलोच आहोत तर पोखरा बघून जाऊ, हेही तूच काढलंस. बुटवलच्या पुढे डोंगर लागला आणि म्हातारीने हात टेकले. दोन वळणं चढायची, तापायची, बंद पडायची. हरेश प्लग काढून पुसायचा, फुंकायचा, त्याच्या काकाच्या नावाने बोटं मोडायचा. तू मात्र कठड्यावर बसून खालची नदी बघायचास. माझा जीव खालीवर, कारण बूथवर बहीण संगी एकटी होती. "चल की रे," म्हटलं तर म्हणायचास, "घाई कोनाला हाय?" गाडी चालू झाली की तुझं तोंड पडल्यासारखं व्हायचं. मला वाटलं, दमला असेल.

पोखऱ्याला पोचल्यावर तुझी खरी कळी खुलली. तलावावर एक म्हातारा कोळी भेटला. त्याला तुझं कळेना, तुला त्याचं कळेना. तू त्याच्या हातातला पाग, फेकायचं जाळं, घेतलास, खांद्यावर टाकलास आणि असा फेकलास की तो पाण्यावर गोल उघडला. म्हातारा जोरात हसला आणि त्याने होडीत सरकून तुला जागा करून दिली. दुसऱ्या दिवसापासून तू त्याच्या होडीतच. आम्ही काठावर चहा पीत तुला बघत बसायचो. इतक्या वर्षांच्या ओळखीत तुला असा पाठ ताठ करून बसलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मग एका संध्याकाळी मासे भाजताना तू सांगितलंस. तुझ्या थोरल्या भावाने, दादाने, पार्टी आणली होती. पालेगावची जमीन बिल्डरला द्यायची, बाकी सगळ्यांच्या सह्या झालेल्या, तुझीच राहिलेली. ठरल्या दिवशी तू सापडला नाहीस तर पार्टी कंटाळून दुसरीकडे जाईल, असा तुझा बेत होता.

"अरे, मग तोंडावर नाही म्हण ना त्याला," मी म्हणालो.

"दादानं मना वाढवलाय. बापूस गेला तवा त्यानं शाला सोडली माझ्यापायी. त्याला नाय कसा बोलू?"

म्हणजे एक नाही म्हणायला तू नेपाळपर्यंत आला होतास. हरेश पोट धरून हसला, मग तू हसलास, मग मी. आम्हाला हाताशी धरून तू पळून आला होतास, याचा रागसुद्धा आला नाही. फक्त मी म्हणालो की आज ना उद्या जमीन जाणारच, सगळ्यांचीच चालली आहे. तू म्हणालास, "जाऊ दे की. मी धरून नाय ठेवलीय. पन मना कोन विचारला पायजे का नको?" हे बरोबर होतं. त्या रात्री मला ते तितकंसं कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारातल्या फोनवरून माझ्याच बूथला फोन लावला. संगी म्हणाली, "दत्तूदादाच्या भावाचा फोन आलेला. आई सिरीयस आहे, ताबडतोब निघून ये म्हणून सांग, म्हणाला." कुठून बोलत होता, तिला माहीत नव्हतं. तुमच्या घरी तेव्हा फोन नव्हता, म्हणजे खरंखोटं करायची सोयच नव्हती.

बूथवाल्याला अशा निरोपांची सवय असते. माणसाला गावी बोलवायचं तर लोक सर्रास आईला सिरीयस करतात. लग्नाला उभं करायला, भांडण मिटवायला, वाटणीला. पण मी तसेच खरे निरोपही पोचवले होते, आणि ऐकायला दोन्ही अगदी सारखे असतात.

मी काठावर येऊन हरेशला सांगितलं. तू पाण्यात होतास, लांब.

"झूठ है," हरेश म्हणाला. "उसका भाई चालू आदमी है. बताने का नहीं अभी."

"आणि खरं असलं तर?"

"तो कल बता. एक दिन में क्या होता है? अरे देख ना उसको. बच्चा लग रहा है."

मी बघितलं. तू पाग झटकत होतास आणि म्हाताऱ्याला काहीतरी सांगत होतास, मराठीतून. मला तुला सोडून द्यावंसं वाटलं, खरंच वाटलं. पण तो दिवस माझा नव्हता, तुझा होता, आणि तुझी आई तुझी होती. मी दोन्ही हात तोंडाशी धरून हाक मारली.

तू होडीतून उतरलास तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली होती. मी जसाच्या तसा निरोप दिला. तू विचारलंस, "कोनी सांगितला?"

"दादाने."

तू पाण्याकडे बघितलंस. "खोटा हाय," म्हणालास, आणि वाळत घातलेला शर्ट काढून पिशवीत भरायला लागलास.

"खोटं आहे तर चाललास कुठे?" हरेश चिडून म्हणाला.

"खरा असला तर?"

गोरखपूरपर्यंत तू चहालासुद्धा थांबला नाहीस. म्हातारीही त्या उतारावर एकदासुद्धा बंद पडली नाही. गोरखपूरला किल्ली माझ्या हातात दिलीस, "दुसऱ्या गेरात जास्त तानू नको" एवढं सांगितलंस आणि रेल्वे पकडून एकटा पुढे गेलास. ज्याला धड सायकल येत नव्हती त्या माझ्यावर म्हातारी सोपवून. पुढचा तो प्रवास हरेश अजून लोकांना रंगवून सांगतो. मला त्यातलं फार आठवत नाही. तुझ्या आईचं काय झालं असेल, एवढाच विचार होता.

आम्ही पालेगावला पोचलो तर तुझी आई ओटीवर सुकट निवडत बसलेली. ठणठणीत. "आलात पोरांनू?" म्हणाली आणि चहा टाकायला उठली. तू बाहेर आलास, किल्ली घेतलीस, वाकून चेन बघितलीस आणि म्हणालास, "ढिली पडलीय." सही तू आधीच करून टाकली होतीस. तेवढं दादानेच सांगितलं, हसत हसत.

त्यानंतर पाच-सहा वर्षं आपण रोज भेटलो. तुझ्या जमिनीवर बिल्डिंग उभी राहिली, त्यात तुम्हाला घरं मिळाली, तू चौथ्या मजल्यावर राहायला गेलास. म्हातारी भंगारात गेली. माझी आई आजारी पडली तेव्हा तू टेम्पोत गादी टाकून तिला इस्पितळात नेलंस आणि तिच्या मयतीला "जयभीम" म्हणत सगळ्यांच्या पुढे उभा राहिलास. पोखऱ्याचं नाव मात्र तू काढलं नाहीस. मी निरोप द्यायला उठलो की फक्त म्हणायचास, "जा, पोचव बाबा, पोचव." त्यात टोचणं होतं की नव्हतं, हे मला कधी ठरवता आलं नाही.

एकदाच बोललास. गेल्या वर्षी, हरेशच्या दुकानात. विषय काहीतरी वेगळाच चालला होता आणि तू मध्येच म्हणालास, "सुन्या, यक दिस उशिरा सांगतला असतास तर काय झाला असता रं?"

मी उसळलो. "आणि आई खरंच गेली असती तर? तूच मला जोड्याने मारलं असतंस."

"मारला असता," तू शांतपणे म्हणालास. "तरीपन."

"तरीपण काय?"

तू चहा तसाच ठेवून टेम्पो घेऊन निघून गेलास. मी हरेशपुढे तुला बरंच काही बोललो. दुसऱ्या दिवशी तू नेहमीसारखा आलास, बूथवर वांगी ठेवलीस, आणि तो विषय तिथेच राहिला. आज वाटतं, वांगी बाजूला ठेवून तुला पुन्हा विचारायला हवं होतं.

मग कावीळ. आधी कुठलं कुठलं गावठी औषध, मग डॉक्टर, मग मोठं इस्पितळ. दादा तुझ्या उशाशी रात्रंदिवस बसायचा. त्याच्यासारखं तुझं कोणी केलं नाही, हे मला लिहायलाच हवं. डॉक्टरांनी त्याला बाहेर बोलावून काय ते सांगितलं, आणि त्याने आम्हा सगळ्यांना बजावलं, दत्तूला यातलं काही सांगायचं नाही. त्या संध्याकाळी मी तुझ्याजवळ एकटा बसलो होतो. डोळे हळदीसारखे झालेले. हरेशला तू विचारलं होतंस, डॉक्टर काय बोल्ला. संगीलाही विचारलं होतंस. माझ्याकडे नुसता बघत राहिलास, मग म्हणालास, "पंखा जरा कमी कर." मला तू विचारलं नाहीस. मी सांगितलं असतं, हे तुला माहीत होतं. दत्तू, त्या खुर्चीत बसून मला जितकं एकटं वाटलं तितकं तुझ्या जाण्यानेही वाटलेलं नाही.

आता परवाचं सांगतो.

नदीवरून आल्यावर मंडळी पांगली. तुझ्या आईने मला जवळ बसवून घेतलं. ती थकली आहे, पण सगळं आठवतं तिला. माझा हात धरून म्हणाली, "सुनील, यक इचारू? लय दिसांपासना मनात हाय."

"विचारा ना."

"नेपालशी आला ना तवा दारातच मना मिठी मारून रडला. यवडा मोठा बाप्या, लहान पोरासारका. मी बोल्ले, अरे झाला काय? तर बोल्ला, काय नाय, तू हायस ना. मंग हसत सुटला. हसतो न् रडतो, हसतो न् रडतो. असा कशापायी केला त्यानं? कवा सांगतलाच नाय मना. तुना म्हाईत असल."

दादा चहाचा कप घेऊन आतून आला होता. दारातच थांबला. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने खाली बघितलं. डोक्याचा गोटा केलेला, डोळे सुजलेले, धाकट्या भावाचं सगळं आताच उरकून आलेला माणूस.

आणि मला तू दिसलास, त्या दारात. खोटं ते खोटंच निघालं, आता सही करावी लागणार, हे सगळं कळलेलं असूनही आई उभी आहे म्हणून रडणारा, हसणारा. तिला विचारून घेता आलं असतं, दादाला तिच्यासमोर उघडं पाडता आलं असतं. एका वाक्याचं काम. ते वाक्य तू गिळलंस आणि शेवटपर्यंत पोटात ठेवलंस. मी इतकी वर्षं समजत होतो की तू माझ्यावर रुसला आहेस.

"प्रवासात तुमची काळजी लागली होती त्याला," मी म्हणालो.

"माझी काय कालजी? मना त काय झाला नवता."

"नाही," मी म्हणालो. "तुम्हाला काही झालं नव्हतं."

ती समाधानाने मान हलवत राहिली. "यडा होता पोर," म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. दादाने कप माझ्या हातात दिला. चहा थोडा बशीत सांडला. मी तो प्यालो आणि उठलो.

विचारणाऱ्या माणसाला विचारलेलं सांगितलं नाही, असं माझ्या हातून आयुष्यात पहिल्यांदा झालं, दत्तू. वडील असते तर माझ्याशी बोलले नसते. हरेशला अजून काही बोललो नाही, तो चिडवेल. तुला मात्र सांगायचं आहे. त्या दिवशी तुझं "तरीपन" अर्धवट राहिलं होतं ना, ते मला आता कळलं: एखादी गोष्ट दुसऱ्यासाठी पोटातही ठेवता येते. त्या वादात तू बरोबर होतास. पूर्ण नाही, पण बराचसा.

एवढंच पोचवायचं होतं. आता कोणाच्या हाती देऊ?

तुझा,
सुन्या